मातीला दोष कशाला?

गेल्या फाल्गुनात आमच्या डोंगराला वणवा लागला. वरकस जमिनीवरचे वाळलेले गवत पेटत पेटत खाली आले आणि तासाभरात आमचा गोठा गेला. गुरे खालच्या शेतात चरत होती म्हणून वाचली; दावणीला बांधलेली एक पाडी मात्र आम्हाला सोडवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी गाव जमला. "आता तरी सिमेंट आणि पत्रा घाला, मातीचे दिवस संपले," असे जो तो सांगू लागला. खरे सांगायचे तर त्यात मीही होतो. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी मला राखेतून आत नेले आणि मागच्या भिंतीवर हात ठेवायला लावला. भिंत काळवंडली होती, पण जागची हलली नव्हती. जळाले होते ते गवती छप्पर, वासे आणि माळ्यावर रचलेला पेंढा.

मित्रहो, आपली चूक होते ती इथेच. गवत आणि माती यांना आपण एकाच मापाने मोजतो. माती जळत नाही. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजींसाठी माती-बांबूची कुटी उभी राहिली. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात स्थानिक साहित्याची असंख्य घरे बांधली. हा केवळ गरिबीचा नाइलाज नव्हता. त्यामागे विचार होता.

आम्हीही विचार करूनच बांधले. चौथरा जांभ्याच्या चिऱ्यांचा. पडलेल्या भिंतींचीच माती भिजवली, तीत भाताचे तूस कालवले, तुडवून चार दिवस मुरू दिली. गवताऐवजी कौले घातली. कौल म्हणजे तरी भाजलेली मातीच! पेंढ्याची उडवी गोठ्यापासून दूर रचली. आता दर माघात भोवतालचे गवत कापून मोकळा पट्टा राखायचा आहे.

यात कष्ट आहेत. दरवर्षी सारवण हवे, पावसाआधी भिंतींना झापांचा आडोसा हवा. ज्याच्या घरी माणसे नाहीत त्याने पत्रा घातला तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली धापा टाकणारी गुरे मी पाहिली आहेत.

आणि वणवा? कोणी जळती विडी टाकतो, कोणी नवे गवत चांगले यावे म्हणून काडी लावतो. त्याविषयी गावात कोणी बोलत नाही. आमची पाडी गेली, ती मातीच्या भिंतीमुळे गेली, असे मात्र मला कोणी सांगू नये.