पाठ परिशिष्टात नाही

भिवंडीत पाठदुखीचा विषय निघाला की आधी खड्ड्यांना शिव्या बसतात, आणि त्या बसायलाच हव्यात. पण माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा या गोदामांच्या पट्ट्यात माणसांच्या पाठी मोडतात त्या मालाने. ट्रकचा फाळका पडतो, वरचा माणूस खोके कडेला सरकवतो, खालचा ते पाठीवर घेतो, वाकलेल्या कमरेतच अर्धा वळतो आणि थप्पीकडे निघतो. मणक्यांमधल्या गादीला ओझ्याखाली वाकणे सोसते, एकवेळ पिळणेही सोसते. दोन्ही एकदम आणि दिवसभर सोसत नाही. मग कधीतरी उसण भरते, उतरत नाही, पायात कळ जाते, एमआरआय निघतो आणि ‘मणक्यात गॅप आहे’ हे कानावर येते.

अशा पाठींसाठी हालचाल शाबूत ठेवणाऱ्या रोपणांची चर्चा आता वाढते आहे. जुन्या शस्त्रक्रियेत झिजलेली गादी काढून दोन मणके कायमचे सांधतात. तिथली हालचाल संपते आणि ताण शेजारच्या मणक्यांवर जातो, असा तिच्यावर आक्षेप. कृत्रिम गादी हा त्यावरचा तोडगा: धातूच्या दोन चकत्या, मध्ये बहुधा प्लॅस्टिकचा गाभा. पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात ती रचणाऱ्या दोघांपैकी एक कारिन ब्युटनर-यान्झ, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकलेली जिम्नॅस्ट. पहिली गादी बसली 1984 मध्ये. ‘शारिटे’ याच नावाच्या या गादीला अमेरिकेने 2004 मध्ये आणि ‘प्रोडिस्क’ या दुसऱ्या गादीला 2006 मध्ये परवानगी दिली. नवे म्हणून जे सांगितले जाते ते चाळिशी ओलांडलेले आहे. ‘शारिटे’ तर बाजारातून गेलीसुद्धा.

इलाज खोटा नाही. निवडक रुग्णांना त्याचा चांगला गुण येतो. पण नॉर्वेतली 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी कुणी सांगत नाही. 173 रुग्ण, निम्म्यांना कृत्रिम गादी, निम्म्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम आणि पुनर्वसन. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेची बाजू सरस ठरली, ती शंभराच्या मोजपट्टीवर 8.4 गुणांनी. रुग्णाला जाणवेल असा फरक किमान 10 गुणांचा, असे संशोधकांनी आधीच ठरवले होते. शस्त्रक्रिया पोटाकडून, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून होते. दुसऱ्यांदा करावी लागली तर धोका वाढतो.

त्यात निवडीच्या अटी. हाड ठिसूळ नको, मणका सरकलेला नको, मागचे छोटे सांधे झिजलेले नकोत, बिघाड शक्यतो एकाच गादीत हवा. वीस वर्षे गोणी वाहिलेल्या पाठीत यातले काय शिल्लक असेल? आणि समजा असलेच, तर ती गादी घेऊन हा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी त्याच फाळक्याखाली उभा राहणार. नगावर मजुरी असलेल्याला विश्रांती कोण देतो?

खरी गंमत कायद्यात आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणारे 29 आजार मोजलेले होते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस त्यात होता, गोंगाटाने येणारा बहिरेपणा होता. भिवंडीतल्याच यंत्रमागावरच्या कारागिराची छाती आणि कान निदान कागदावर तरी आले. पाठ नाही. सुताने भरलेला बीम उचलून गेलेली कंबर ही कारागिराची खासगी बाब. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्ये पुरुषाने वाहायच्या ओझ्याला 55 किलोंची मर्यादा सुचवली, पण ती एका खेपेची. दिवसाच्या खेपा कोण मोजतो? महाराष्ट्राने 1969 मध्ये देशाला दाखवावा असा माथाडी कायदा केला. नाक्यावरून रोजावर उचललेल्या, कुठल्याही मंडळात नाव नसलेल्या लोडरला त्याचा उपयोग शून्य.

कंबरदुखी कामाचा आजार म्हणून आताच्या कायद्याच्या परिशिष्टात घालावी, ही पहिली मागणी. दुसरी अगदी साधी: गोदामाला ट्रकच्या उंचीचा धक्का आणि आत हातगाडी. हे रोपणापेक्षा स्वस्त आहे आणि याला भूल द्यावी लागत नाही. भिवंडीच्या भोवतालच्या गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे आहे. बांधकाम परवान्यातच ही अट घालता येते. यावर लगेच उत्तर येईल की इथली कितीतरी गोदामे मुळात बेकायदा, त्यांना अट घालणार कशी? गोदाम बेकायदा असेल, माल नाही. त्याच्या पावत्या असतात, ई-वे बिल असते, खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव असते. अट त्या कंपनीला घाला.