माफीचा हिशेब
दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेलांनी १९९५ मध्ये पर्सी युटार यांना जेवायला बोलावलं. वर्णभेदी राजवटीतल्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांना जन्मठेपेपर्यंत नेणारे हेच ते सरकारी वकील! याला संतपण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवरून केलेलं ते पक्कं, आणि शहाणपणाचं, राजकारण होतं. वर्णभेदाच्या काळातले गुन्हे तपासणाऱ्या डेसमंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगानेही माफी फुकट वाटली नाही. पश्चात्तापाची अट नव्हती, पण केलेलं सगळं खरंखरं सांगावं लागे. बहुतेक अर्ज फेटाळलेच गेले. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिकोंच्या घरच्यांना तर ही माफीच नको होती. ते कोर्टात गेले, १९९६ मध्ये हरले. माफी नाकारली म्हणून त्यांना दुबळं कोण म्हणेल? बिकोंना कोठडीत मारणाऱ्या पोलिसांनी पुढे आयोगाकडे माफीसाठी अर्ज केले. झटापटीत डोकं भिंतीवर आपटलं, ही त्यांची कहाणी १९९९ मध्ये आयोगाच्या गळी उतरली नाही.