हेडफोन, अभिरुची आणि पाठशुद्धी

'आपल्या आवडीच्या संगीतानुसार हेडफोन निवडा' हे वाक्य आता सुभाषिताच्या पदाला पोचले आहे. दुकानातला विक्रेता ते म्हणतो, वृत्तपत्रांच्या पुरवण्या ते छापतात आणि त्याच्याखाली हमखास एक कोष्टक असते. डाव्या रकान्यात संगीताचे प्रकार, उजव्या रकान्यात हेडफोनांचे. नाचाची गाणी ऐकणाऱ्याने भरपूर बेसचा घ्यावा, रॉकवाल्याने धारदार आवाजाचा, गझल-भावगीतवाल्याने 'मऊ' आवाजाचा. आणि अगदी शेवटी, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे, 'शास्त्रीय'. त्यापुढे बहुधा 'संतुलित' एवढाच शब्द. या कोष्टकातल्या नोंदी इकडच्या तिकडे झाल्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. असे कोष्टक मांडता येते, ही समजूतच आम्हांला अमान्य आहे.

साहित्याच्या अध्यापकांनी या यंत्रविषयात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. एक तर 'अभिरुची' हा शब्द आमच्या व्यवसायातला आहे. बडोद्याहून १९४३ साली निघालेल्या एका मासिकाने तो आपले नाव म्हणून धारण केला, आणि तो घडवता येतो, वाढवता येतो, प्रसंगी बदलतो, या श्रद्धेवर आमचे वर्ग चालतात. तोच शब्द बाजाराने उचलून 'तुमची आवड ठरलेली आहे, तिच्या मापाचा माल घ्या' असा उलटा वापरला, तर गप्प बसणे आम्हांला जमणारे नाही. दुसरे कारण अधिक रोकडे आहे. आमच्या वर्गांतले विद्यार्थी खानावळीचे महिन्याचे पैसे ज्या वस्तूवर घालतात, तिच्याविषयी त्यांना कुणी नीट सांगत नाही.

मुळात हेडफोन म्हणजे काय? आमच्या परिभाषेत बोलायचे तर ती एक आवृत्ती आहे. गायकाने गायले, ध्वनिमुद्रकाने मुद्रित केले. ते आपल्यापर्यंत पोचवणारी ही शेवटची प्रत. ज्ञानेश्वरी वाचू पाहणाऱ्याला आपण काय सांगतो? तुला शृंगार आवडत असेल तर ही प्रत घे, वेदान्त आवडत असेल तर ती, असे आपण म्हणत नाही. पाठ कुठला विश्वसनीय, हे सांगतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले आणि पुढे कुणी आपल्या पदरची ओवी घालू नये म्हणून बजावून ठेवले. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला सापडलेल्या जुन्या पोथीची संहिता छापली ती याच आस्थेने. त्यांच्या पाठांविषयी वाद होऊ शकतात, झालेही आहेत. पण वाचकाच्या आवडीप्रमाणे पाठ बदलावा, असे त्या वादांत कुणी म्हटलेले नाही. 'एक्स्ट्रा बेस' असे खोक्यावर अभिमानाने छापणारा हेडफोन मात्र प्रक्षेपाची जाहिरात करत असतो. मूळ संहितेत नसलेल्या ओव्या आमच्या प्रतीत अधिक आहेत, असे एखाद्या प्रकाशकाने मुखपृष्ठावर छापावे, तसा हा प्रकार.

प्रक्षेपाने नेमके काय बिघडते, हे तानपुऱ्यावर पाहता येते. काळी एकच्या तानपुऱ्याचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याची, म्हणजे ६९ हर्ट्झची. कोष्टकाचा तर्क लावला तर खर्ज नीट ऐकू यावा म्हणून खालचा पट्टा फुगवलेला हेडफोन घ्यायला हवा. वस्तुस्थिती उलटी आहे. तानपुऱ्याच्या नादात मूळ कंपनापेक्षा वरच्या स्वरांशांचा वाटा फार मोठा असतो. त्या अंशांच्या मेळावरून खालचा खर्ज आपला कान जुळवतो. खर्जाच्या तारेचा पाचवा अंश ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो, तोच आपला स्वयंभू गंधार. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागामुळे आणि जवारीच्या धाग्यामुळे हे अंश कसे फुलतात, तार जिथे छेडली तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू पडतो असे अंशही तानपुऱ्यात कसे उमटतात, याची चिकित्सा चं. वें. रामन यांनी १९२१ मध्येच केली होती. आता खालचा पट्टा फुगवा. श्रवणशास्त्राचा एक साधा नियम आहे, की मोठा खालचा आवाज आपल्या वरच्या आवाजांना झाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. म्हणजे डग्ग्याचा घुमारा वाढतो आणि जवारी बुजते. खर्जासाठी म्हणून पैसे मोजावेत आणि ज्यांच्यामुळे खर्ज उमटतो तेच अंश गमवावेत, असा हा व्यवहार.

कोष्टकातल्या 'शास्त्रीय' या एका ओळीचा समाचार घेणे भाग आहे. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'मध्ये (१९६१) स्वर आणि लय यांच्या तोलावर घराण्यांची मांडणी केली; एका टोकाला स्वरात बुडालेले किराणा, दुसऱ्या टोकाला लयीशी झुंजणारे आग्रा. ज्या दोन गायकींत एवढे अंतर, त्यांना कोष्टकात एकच घर! आणि समजा, कुणी उत्साही माणसाने कोष्टक वाढवून घराणेवार हेडफोन सुचवले, तरी प्रश्न सुटत नाही. तो अधिक हास्यास्पद होतो. एकाच मैफलीत विलंबित ख्याल, द्रुत, ठुमरी आणि अभंग गाणाऱ्या गायकाच्या श्रोत्याने दर पाऊण तासाने कानांवरचे यंत्र बदलावे काय?

जुन्या ध्वनिमुद्रिकांची गोष्ट याहून वेगळी, आणि आमच्या विषयाला जवळची. गौहर जान १९०२ मध्ये कोलकात्यात गायल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात गायचे आणि सुईने थेट मेणावर रेघ ओढायची. या भोंग्याच्या मुद्रणात साधारण दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खालचे आणि दोन-अडीच हजारांच्या वरचे फारसे काही उतरत नसे. विजेवरचे मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शतकारंभीच्या ध्वनिमुद्रिका भोंग्याच्या आणि निधनापूर्वीच्या (ते १९३७ मध्ये गेले) विजेवरच्या. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की यंत्र बदलल्याने आवाजाचे काय होते ते कळते. या मुद्रिकांसाठी 'योग्य' हेडफोन कोणता? जे मुद्रितच झाले नाही ते जगातला कुठलाही हेडफोन देऊ शकत नाही. बेस फुगवणारा मोटरची घरघर वाढवील, ट्रेबल फुगवणारा सुईचे घर्षण वाढवील. दोघेही खाँसाहेबांना एक रेसभरही जवळ आणणार नाहीत. इथे लागतो तो मधला पट्टा सरळ ठेवणारा, काहीही न मिसळणारा हेडफोन; म्हणजे पुन्हा तोच, जो आजच्या चित्रपटगीतालाही लागतो.

आमच्या विरोधात एक खरा आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'न मिसळणारा' म्हणजे काय? हेडफोनला तटस्थता असते काय? उपकरणावर सपाट रेघ काढणारा हेडफोन कानाला सपाट वाटत नाही. कारण खोलीतला ध्वनी कानाच्या पाळीवर आणि नळीत शिरताना स्वतःच बदलतो, तीन हजार हर्ट्झच्या आसपास तो उंचावतो, आणि कानावरच बसलेल्या यंत्राला ते उंचावणे स्वतःकडून भरून द्यावे लागते. ते किती, यावर मतभेद होते. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून श्रोत्यांना बसवून, हेडफोनचे नाव न सांगता, चाचण्या घेतल्या. वेगवेगळ्या देशांतले, शिकाऊ आणि मुरलेले श्रोते मोठ्या संख्येने एकाच वळणाचा आवाज पसंत करतात, असे त्यांना दिसले. तो आवाज चांगल्या खोलीत चांगले स्पीकर ऐकताना येतो त्याच्या जवळचा. काहींना त्याहून थोडा अधिक खर्ज हवा होता, काहींना थोडा उणा. तटस्थतेचा अर्थ आम्ही इतकाच घेतो, आणि हे निष्कर्ष कोष्टकवाल्यांना अनुकूल नाहीत, हे नोंदवतो. संगीताच्या प्रकारागणिक श्रोत्यांच्या जाती पडलेल्या असत्या तर असे एकमत दिसले नसते. उरला तो थोडा अधिक-उणा खर्ज. तो ज्याचा त्याने फोनमधल्या ईक्वलायझरवर फुकट करून घ्यावा. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्याचे कारण नाही.

आता खिसा. इथे बाजाराचे दुसरे सुभाषित भेटते: जितके पैसे, तितका आवाज. येरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे तपासून, किंमत आणि स्वरप्रतिसाद यांच्यात संबंध आढळत नाही, असे प्रसिद्ध केले. महाग हेडफोन वाईटच असतात, असा याचा अर्थ नव्हे. किंमत वाढते तेव्हा आपण बहुधा बांधणी, गाद्यांचा आराम, बिनतारी सोय, गोंगाट मारण्याची यंत्रणा आणि नाव यांचे पैसे देत असतो. त्यांतले जे लागते त्याचे अवश्य द्यावेत. लोकलने रोज दोन तास जाणाऱ्या प्राध्यापिकेला गोंगाट मारणारी यंत्रणा चैन नव्हे. ती गाडीची सलग घरघर चांगली कापते, शेजारच्या बायकांच्या गप्पा तितक्या नाही. पण वसतिगृहाच्या खोलीत रात्री ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्यासाठी आठ-दहा हजार का घालावेत? त्याला हजार-दीड हजाराचा तारेचा, कानात नीट बसणारा इअरफोन पुरतो. फोनला भोक नसेल तर काहीशे रुपयांचा अडॅप्टर मिळतो. खोली एकट्याची असेल आणि चार-पाच हजार हाताशी असतील, तर पाठीमागून उघडा असलेला हेडफोन पाहावा. १९६८ मध्ये सेनहायझरने एचडी ४१४ काढून ही जात आणली. त्यातून आवाज बाहेर सांडतो, बाहेरचा आत येतो, पण गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. तीनशे ओहमचे, वेगळा अँप्लिफायर मागणारे हेडफोन फोनला जोडून 'आवाजच येत नाही' म्हणणाऱ्यांची आम्हांला दया येते. दोष त्यांचा नसतो, ओहमचा आकडा पाहायला त्यांना कुणी सांगितलेले नसते.

या टोकाचा जसा बाजार, तसाच त्या टोकाचा रसिक. 'खऱ्या रसिकाला यंत्र लागत नाही, फोनच्या स्पीकरवरही दरबारी दरबारीच' असे म्हणणारे ज्येष्ठ आमच्या परिचयाचे आहेत. फोनच्या स्पीकरमधून खालचा पट्टा जवळजवळ येतच नाही. ज्यांनी शेकडो मैफली ऐकल्या आहेत ते स्मरणाने भर घालतात. विसाव्या वर्षी प्रथमच दरबारी ऐकणाऱ्या मुलीने कशाच्या स्मरणाने भर घालावी? फाटक्या, पाने गहाळ झालेल्या प्रतीवरून कादंबरी शिकवून 'खऱ्या वाचकाला सगळे कळते' म्हणण्यासारखे ते आहे.

आवाजाच्या पातळीविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे ८० डेसिबेल आठवड्याला ४० तास चालते. ९० डेसिबेलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. गोंगाटात ऐकणारा नकळत आवाज चढवतो, म्हणून कान घट्ट झाकणारा साधा हेडफोन हा प्रवासात आरोग्याचाही प्रश्न आहे. आवडीच्या कोष्टकात हा रकाना आम्हांला अद्याप दिसलेला नाही.

मग पारख कशी करावी? दुकानदार स्वतःचे गाणे लावतो. ते त्या यंत्राला शोभणारेच असते. आपले न्यावे. एक मिनिट नुसता तानपुरा, आणि मग, वाचकांना नवल वाटेल, ओळखीच्या माणसाने मोठ्याने वाचलेले साधे मराठी गद्य. हे उपकरण मुळात संगीतासाठी जन्मले नाही. टेलिफोन केंद्रांत आणि १९१० नंतर अमेरिकी नौदलाच्या बिनतारी खोल्यांत ते शब्द कळावा म्हणून कानावर चढले. संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी आणला तो १९५८ मध्ये. म्हणून शब्दाची कसोटी त्याला न्याय्यच आहे, आणि मराठीइतकी कठोर कसोटी क्वचितच मिळेल. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च. 'हे जग' आणि 'तू जग' यांतले दोन ज. लिपी एकच, उच्चार दोन. दंत्य च-ज मध्ये वरच्या पट्ट्यातला सीत्कार असतो. ट्रेबल चढवलेल्या हेडफोनवर तो सुईसारखा टोचतो. बेसने बुजलेल्यावर दोन्ही च एक होतात. जिथे दोन्ही वेगळे आणि दोन्ही सहज ऐकू येतात, त्या हेडफोनवर किशोरी आमोणकरही नीट ऐकू येतील आणि ढोल-ताशाही.

दोन हेडफोन ताडून पाहताना आवाजाची पातळी एकच ठेवावी. किंचित मोठा वाजणारा नेहमीच बरा वाटतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असते. निदान दहा मिनिटे ऐकावे. चष्मा असेल तर चष्म्यासकट. कानाच्या गाद्या आणि वायर वेगळ्या मिळतात का ते विचारावे, कारण आधी त्याच जातात. एवढे ऐकू द्यायला दुकान तयार नसेल तर पुढचे दुकान पाहावे. आणि तारेतून मागवायचे झाले तर परत घेण्याची मुदत किती दिवसांची, हे पैसे भरण्याआधी वाचावे.