स्वभावाला औषध नाही, ड्युटीच्या तक्त्याला आहे

संपादक महोदय,

कामाने कोलमडणारी माणसं मुळातच हळवी असतात, असा सूर लावणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. त्यातलं अर्धं खरं आहे. सतत धास्तावणाऱ्या, मनाला लावून घेणाऱ्या माणसांत बर्नआउट जास्त दिसतं आणि शिस्तशीर, मनमोकळी माणसं त्या मानाने तगतात, हे अनेक अभ्यासांत आढळलं आहे. पण यातल्या बऱ्याच पाहण्यांत स्वभाव आणि थकवा एकाच बैठकीत विचारून मोजतात. सलग नाइट करून आलेल्या सिस्टरला ‘तुम्हाला लवकर काळजी वाटते का?’ असं विचारलं, तर ती दुसरं काय सांगणार?

मी सरकारी रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज होते. कुणी अचानक रजेवर गेली, की डबल ड्युटीचा फोन कुणाला जातो? जिचं काम चोख आणि जिला नाही म्हणता येत नाही, तिला. कामचुकार बाई वेळेवर घरी पोहोचते (तिचा फोन लागतच नाही!). म्हणजे अभ्यासात ढाल ठरणारा गुण वॉर्डात अंगाशी येतो. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. आमच्याकडे रात्री दोघींवर अख्खा वॉर्ड असे, जमिनीवरच्या गाद्या धरून. तिथे कुठला स्वभाव टिकेल?

बर्नआउट मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये मांडली. त्याच मॅस्लॅकबाई पुढे बजावत राहिल्या, की दोष माणसापेक्षा कामाचा बोजा, निर्णयाचा अधिकार, मोबदला आणि न्याय यांत शोधा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या ताणाशी जोडलं.

आपल्याकडे मात्र सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतले रोजचे तास 9 वरून 10 करायला मंजुरी दिली. तास वाढवायचे आणि ज्याला झेपत नाही त्याच्या स्वभावावर बोट ठेवायचं, हे मालकांना सोयीचं आहे. व्यक्तिमत्त्व चाचण्या आणि ताणमुक्तीच्या कार्यशाळा जरूर घ्या. त्याआधी प्रत्येक रुग्णालयाने, प्रत्येक कार्यालयाने मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे दर्शनी फलकावर लिहावं.

— एक निवृत्त परिचारिका, सोलापूर