पेशी रुग्णाच्या, बाजार कोणाचा?

कर्करोगावरील ‘डेंड्रायटिक’ पेशींच्या उपचारात पैसा गुंतवावा की नाही, ही चर्चा अर्थविषयक पत्रांतून अधूनमधून डोके वर काढीत असते. कोणत्या चाचणीचा निकाल केव्हा लागणार, शेअर केव्हा घ्यावा आणि केव्हा विकावा, एवढाच तिचा विषय. रुग्ण तीत येतो तो ‘बाजारपेठेचा आकार’ म्हणून. ज्यांना शेअरबाजाराशी काही कर्तव्य नाही अशा कार्यकर्त्यांनी ही चर्चा वाचायची कशाला, असे कोणी विचारील. परंतु या उत्साहाचा एक पुरा इतिहास अमेरिकेत घडून गेला आहे, आणि उद्या आपल्या इस्पितळांत कोणता उपचार कोणाच्या वाट्याला येणार याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

या पेशींचा शोध राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोह्न यांनी १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लावला. फांद्यांसारखे फाटे असलेल्या या पेशी म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील हेर. शत्रूचा अंश टिपून तो लढाऊ पेशींपुढे मांडणे हे त्यांचे काम. रुग्णाच्या रक्तातून त्या काढाव्यात, प्रयोगशाळेत त्यांना कर्कपेशींची खूण पटवावी आणि त्याच्याच शरीरात परत सोडाव्यात, अशी उपचाराची कल्पना. आरंभी कित्येक शास्त्रज्ञ या पेशींचे महत्त्व मानायलाही तयार नव्हते. बाजार तर त्या काळात आसपासही नव्हता. स्टाइनमन यांना २००७ साली स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी आपल्या शोधाचा प्रयोग स्वतःवरच करून घेतला. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते वारले आणि तीनच दिवसांनी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यांचे आयुष्य या लशीने वाढले की नाही, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

बाजार आला तो सिएटलच्या डेंड्रिऑन या कंपनीच्या रूपाने. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील तिच्या ‘प्रोव्हेंज’ या उपचाराला २००७ च्या मार्चमध्ये तज्ज्ञ समितीने अनुकूल मत दिले, तोच शेअर उसळला. मे महिन्यात औषध प्रशासनाने आणखी पुरावा मागितला, तोच तो कोसळला. २००९ साली ५१२ रुग्णांवरील चाचणीचा निकाल येताच तो पुन्हा आकाशाला भिडला. २९ एप्रिल २०१० रोजी उपचार मंजूर झाला. रुग्णाचे आयुष्य त्याने साधारणतः चार महिन्यांनी वाढत होते, आणि तीन मात्रांची किंमत होती ९३ हजार डॉलर.

हे चार महिने तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मरणाच्या दारी असलेल्या माणसाला ते मोलाचेच असतात. औषध लबाडीचे नव्हते. फसला तो बाजाराचा हिशेब. गोळीचा कारखाना एकदा उभा राहिला की लाखावी गोळी जवळजवळ फुकट पडते, आणि औषधधंद्याचा नफा याच गणितावर उभा आहे. येथे मात्र प्रत्येक मात्रा एकाच माणसासाठी बनते. रक्त काढायचे, विमानाने कारखान्यात पाठवायचे आणि ठरल्या दिवशी परत आणायचे, हे एका रुग्णासाठी तीनदा. हे काम कारखान्यापेक्षा रक्तपेढीच्या जातीचे आहे. पण गुंतवणूकदारांना कारखान्याचा नफा हवा होता. त्या अपेक्षेपायी कंपनीने कर्ज काढून तीन ठिकाणी कारखाने उभे केले. इकडे डॉक्टरांना ९३ हजार डॉलर आधी मोजून विम्याच्या परताव्याची वाट पाहावी लागे, आणि त्याच रोगावर नव्या गोळ्याही बाजारात आल्या. ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीने वर्षाच्या विक्रीचा अंदाज मागे घेतला आणि एका दिवसात शेअरची दोन तृतीयांश किंमत नाहीशी झाली.

पुढचे सारे ओळखीचे आहे. महिनाभरात सुमारे ५०० कामगार काढले गेले, २०१२ साली आणखी ६०० जणांची पाळी आली. न्यू जर्सीचा कारखाना नोव्हार्टिसने घेतला. तेथे तयार होऊ लागलेल्या रक्तकर्करोगाच्या ‘किमराया’ या दुसऱ्या पेशीउपचाराची किंमत २०१७ साली ४ लाख ७५ हजार डॉलर ठरली. वर्षाला पंचवीस कोटी डॉलरहून अधिक विक्री असतानाही डेंड्रिऑनने नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळे जाहीर केले. २०१५ साली व्हॅलियंटने ती विकत घेतली आणि २०१७ साली सुमारे ८२ कोटी डॉलरला चीनच्या सॅनपॉवर समूहाला विकली. दोन वर्षांच्या या उलाढालीत उपचारात कसलाही फरक पडला नव्हता.

महाराष्ट्राचा संबंध येथे येतो. मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा स्मारक केंद्रात विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या पेशीउपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. यातील पेशी डेंड्रायटिक नव्हेत, पण रुग्णाच्याच पेशी काढून, शिकवून परत देण्याची रीत तीच. अमेरिकेतील किमतीच्या सुमारे दशांशात तो मिळतो, हे येथील शास्त्रज्ञांचे निःसंशय यश आहे. तरी तो दशांशही चाळीस लाख रुपयांच्या घरात जातो. बीड-परभणीहून परळला येऊन इस्पितळाबाहेरच्या पदपथावर बिऱ्हाड मांडणाऱ्या कुटुंबाला चाळीस लाख काय आणि चार कोटी काय! शिवाय विज्ञान सार्वजनिक संस्थांचे असले तरी उत्पादन खाजगी कंपनीकडे आहे, आणि तिच्यात लॉरस लॅब्ज या औषधकंपनीने २०२१ सालीच भांडवल गुंतवले आहे.

गुंतवणूकदाराला दोष देऊन भागणार नाही; तो नफ्यासाठीच येतो आणि नफा दिसेनासा झाला की जातो. प्रश्न सरकारच्या पैशाचा आहे. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली धर्मादाय निधीतून उभे राहिले, १९५७ साली केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले. त्यामुळेच गरीब कर्करुग्णाला तेथे जागा आहे. रक्तपेढ्या सार्वजनिक रुग्णालयांत चालतात, मग निर्जंतुक पेशी-प्रयोगशाळा का चालू नयेत? मुंबईचे जे.जे., पुण्याचे ससून आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे अशा प्रयोगशाळा केव्हा उभ्या राहणार, त्यांसाठी किती तरतूद होणार, आणि सार्वजनिक संस्थांत जन्मलेल्या उपचाराचे उत्पादन खाजगी हाती देताना किमतीवर कोणती अट घातली होती, याचे उत्तर येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांकडून मागितले पाहिजे.