जुनी मोटारसायकल, थंडीची पहाट आणि आपली सवय

निफाड तालुक्यात ऐन हिवाळ्यात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरणे ही नवलाची गोष्ट नाही. गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते. द्राक्षबागाईतदाराची मात्र झोप उडते. याच दिवसांत ‘गाडी सुरू होत नाही’ ही तक्रारही गावोगावी ऐकू येते. किक मारमारून मनुष्य घामाघूम होतो आणि अखेर थंडीला दोष देऊन मोकळा होतो. माझे मत याहून निराळे आहे. थंडी हे केवळ निमित्त होय. मूळ दोष गाडी उभी करून ठेवण्याच्या आपल्या रीतीत आहे.

गेल्या हिवाळ्यात एका दूध उत्पादकाच्या वस्तीवर मी पहाटे हजर होतो. हात मोडल्यामुळे त्याची जुनी मोटारसायकल दीड महिना गोठ्याच्या कडेला उभी होती. त्या दिवशी त्याने कॅन बांधले, चोक ओढला आणि किक मारावयास आरंभ केला. गाडी सुरू होईना. मग मुलाने ढकलली, शेजाऱ्याने ढकलली, मीही हात लावला. या खटपटीत दूध संकलनाची वेळ टळली आणि सकाळचे सारे दूध घरीच विरजावे लागले. पुढे मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला, तेव्हा त्याच्या वाटीत पिवळसर, चिकट गाळ साचलेला दिसला. हा गाळ काही एका रात्रीच्या थंडीने आणलेला नव्हता.

असे का घडते हे समजून घेतले पाहिजे. द्रवरूप पेट्रोल पेट घेत नाही. पेट घेते ती त्याची वाफ. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते व पुष्कळसे पेट्रोल थेंबरूपाने नळीच्या भिंतीला चिकटून राहते. म्हणून सुरुवातीस पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. चोकचे कार्य ते हेच.

आता उभ्या गाडीचा विचार करा. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलचा जो अंश लवकर उडून जाणारा असतो, तोच प्रथम उडून जातो. मागे उरतो तो जड अंश. म्हणजे थंड इंजिनाला ज्याची सर्वांत अधिक गरज, नेमके तेच पेट्रोल आपण गमावलेले असते! उरलेल्या पेट्रोलचा पुढे चिकटा बनतो आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असलेले जेटचे छिद्र बुजते. त्यात २०२५ सालापासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जात आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचा अंश फार वाढला, तर इथेनॉल व पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि कार्बोरेटरकडे जाणारी वाट तर तळाशीच असते. रोज चालणाऱ्या गाडीला याची बाधा सहसा होत नाही. उभ्या गाडीला होते.

यास्तव खरा उपाय पहाटेचा नसून आदल्या महिन्याचा आहे. गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहावयाची असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. वाटीत उरलेले पेट्रोल खालचा स्क्रू सैल करून काढून घ्यावे. टाकी अर्धवट न ठेवता ताज्या पेट्रोलने भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेस जागा उरत नाही. बॅटरीची तार सोडवावी आणि गाडी ओल्या जागी उभी करू नये. एवढ्या कामास पाव तास पुरतो.

गाडी पुन्हा सुरू करताना घाई करू नये. कॉक उघडून वाटी भरेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे. चोक पूर्ण ओढून, चावी बंद ठेवून दोन-तीन किक सावकाश माराव्यात. नंतर चावी लावून, मूठ न पिळता किक मारावी. इंजिन चालू होताच चोक हळूहळू मागे घ्यावा. पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, तर समजावे की आत पेट्रोल जास्त झाले आहे. अशा वेळी कॉक व चोक बंद करून, मूठ पूर्ण पिळून सात-आठ किक माराव्यात. तरीही यश न आल्यास प्लग काढून कोरडा करावा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. इंजिन तापविण्यासाठी त्याखाली जाळ करणे म्हणजे शेजारच्या कडब्याला आणि जनावरांना संकटात लोटणे होय. तसेच बंद खोलीत वा गोठ्यात गाडी चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास, परंतु तो प्राणघातक आहे.

कोणी म्हणेल, ‘ही कटकट हवीच कशाला? नवी गाडी घ्यावी.’ १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि ती थंडीचे गणित स्वतःच सांभाळते, हे खरे. ज्याला परवडेल त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु ज्या गाडीचे पैसे फिटले आहेत आणि जी गावातच दुरुस्त होते, ती केवळ पाव तासाच्या काळजीवाचून टाकून देणे व कर्ज काढणे, याला मी प्रगती म्हणणार नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माझे एक सांगणे आहे. बियाणे, खते आणि कीडरोग यांवर आपण सभा घेतो. यंत्रांच्या निगेवर क्वचितच बोलतो. पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप व पाण्याचे छोटे पंप यांच्यातही बहुधा हेच कार्बोरेटर असते. तेव्हा पुढच्या सभेत एक जुनी गाडी मधोमध उभी करून तिची वाटी सर्वांसमक्ष रिकामी करून दाखवावी. हातांनी केलेले काम शेतकरी विसरत नाही. थंडी दरवर्षी येणारच. तिच्या आधी आपण तयार असावे, एवढेच आपल्या हाती आहे.