बाकावरच्या खेळाडूचा पगार

बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला खेळाडूंसाठी बसायची एक जागा असते. तिला बाक म्हणतात. मैदानात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू खेळतात. बाकीचे या बाकावर बसून राहतात. त्यांना राखीव खेळाडू म्हणतात. त्यांच्या अंगात संघाचाच गणवेश असतो, खांद्यावर टॉवेल असतो, आणि डोळे प्रशिक्षकाकडे लागलेले असतात. कधी बोलावणे येते, कधी पूर्ण सामना संपतो तरी येत नाही.

अमेरिकेत एनबीए नावाची बास्केटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा आहे. तिथे बाकावर बसणाऱ्या मुलालाही लाखो डॉलर पगार मिळतो. मग लोक विचारतात, "हा मुलगा खेळत तर नाही. मग याला एवढा पैसा कशाचा?" प्रश्न सरळ आहे. पण त्याचे उत्तर द्यायला घाई करू नये, असे मला वाटते.

आधी थोडा हिशोब करू. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो. एका वेळी पाच जण मैदानात असतात. म्हणजे एका संघाजवळ एका सामन्यात वाटायला ४८ गुणिले ५, एकूण २४० मिनिटे असतात. मुख्य पाच खेळाडू प्रत्येकी ३५ मिनिटे खेळले, तर १७५ मिनिटे तिथेच संपली. उरली ६५. ती सात राखीव खेळाडूंत सारखी वाटली तर प्रत्येकाला जेमतेम सव्वानऊ मिनिटे येतात. आणि ती सारखी कधीच वाटली जात नाहीत. वयाने मोठ्या, अनुभवी राखीव खेळाडूला पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि सर्वांत लहान मुलगा कोरडाच राहतो. तेव्हा बाकावर बसणे हा प्रत्येक वेळी आळस नसतो किंवा नालायकीही नसते. कोणाला तरी बसावेच लागते.

आता एका खऱ्या खेळाडूची गोष्ट पाहू. त्याचे नाव जर्मेन ओनील. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील कोलंबिया शहरात १९७८ साली त्याचा जन्म झाला. उंची सहा फूट अकरा इंच. १९९६ साली तो शाळेतून थेट एनबीएमध्ये आला. कॉलेजमध्ये गेलाच नाही. तिथे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते. एकेक संघ आपली पाळी आली की एक मुलगा निवडतो. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षी पोर्टलंडच्या संघाने त्याला सतराव्या क्रमांकावर निवडले. तेव्हा त्याचे वय सतरा होते. तुमच्या दहावीच्या वर्गातील मुलांपेक्षा थोडेसेच जास्त. डिसेंबरमध्ये तो पहिला सामना खेळला, तेव्हा नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. तोपर्यंत एनबीएमध्ये एवढ्या लहान वयात कोणीच खेळले नव्हते.

पण पोर्टलंडजवळ मोठ्या उंचीचे, तयार खेळाडू आधीपासून होते. सात फूट तीन इंच उंचीचा लिथुआनियाचा अर्विडास साबोनिस होता, रशीद वॉलेस होता, पुढे ब्रायन ग्रँट आला. त्यांच्यापुढे या मुलाची पाळी कधी येणार? चार वर्षे तो बहुतेक वेळ बाकावर बसला. चौथ्या वर्षी तो ७० सामने खेळला, पण प्रत्येक सामन्यात सरासरी बारा मिनिटेच. गुण सरासरी चार.

आणि याच मुलाशी १९९९ साली पोर्टलंडने चार वर्षांचा नवा करार केला. करार सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा होता. वर्षाला सरासरी ६० लाख. त्याची त्या वर्षीची मिनिटे मोजली तर ती ८५० च्या आसपास येतात. भागाकार तुम्हीच करा. मैदानावरच्या एका मिनिटाला सुमारे सात हजार डॉलर! तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाच्या मनात राग आला असेल तर त्यात त्याचा दोष नाही. दिवसभर कारखान्यात उभा राहणारा माणूस महिन्याला जे कमावतो, त्याहून जास्त पैसे हा मुलगा एका मिनिटात घेतो, असा त्या भागाकाराचा अर्थ होतो.

हा राग खरा आहे. पण तो कोणावर काढायचा, ते पाहिले पाहिजे. एनबीएचे पैसे तिकिटांतून आणि सर्वांत जास्त दूरदर्शन प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतात. त्या उत्पन्नाचा साधारण अर्धा भाग खेळाडूंना द्यायचा, असा संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार असतो. १९८४ पासून प्रत्येक संघाच्या पगाराला मर्यादाही ठरवलेली आहे. राखीव मुलाचा पगार कमी केला म्हणून तो पैसा कारखान्याच्या कामगाराकडे जात नाही, परिचारिकेकडे जात नाही, शिक्षकाकडे तर नाहीच नाही. तो दुसऱ्या खेळाडूकडे जातो किंवा मालकाच्या खिशात राहतो. त्या काळी पोर्टलंडचे मालक पॉल ॲलन होते. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी ज्या दोघांनी सुरू केली, त्यांपैकी ते एक. त्यांच्या घरची चूल या पगारामुळे विझणार नव्हती. म्हणून समाजात कोणाच्या कामाला किती मोल मिळावे, हा मोठा प्रश्न आपण जरूर विचारावा, पण त्याचे ओझे एकवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवू नये.

मग उरतो लहान प्रश्न. संघाने जे पैसे दिले, त्यांचा मोबदला संघाला मिळाला का?

इथे लोक एक गोष्ट विसरतात. पगार फक्त सामन्याच्या मिनिटांचा नसतो. सामना आठवड्यात तीन-चार वेळा होतो. सराव त्याखेरीज होतो. सरावात मुख्य खेळाडूंसमोर उभे कोण राहते? हेच राखीव खेळाडू. पुढच्या सामन्यात ज्या संघाशी गाठ आहे, त्या संघाच्या चाली तेच करून दाखवतात. रशीद वॉलेसला रोज सहा फूट अकरा इंचांच्या चपळ मुलाला चुकवून चेंडू टाकावा लागत असेल, तर वॉलेसचा खेळ सुधारणारच. शिवाय कोणाचा पाय मुरगळला, कोणाच्या चुका जास्त झाल्या, तर त्याच क्षणी उठून मैदानात जायला हा तयार हवा. अग्निशमन दलाचा जवान आग नसली तरी पगार घेतो. आपण त्याला बसून खातो असे म्हणत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पुढची वर्षे. संघ त्या मुलाचे आजचे चार गुण विकत घेत नव्हता. तो पंचवीस वर्षांचा होईल तेव्हा काय करील, ते विकत घेत होता. आंब्याचे कलम लावल्यावर पहिल्याच वर्षी टोपली घेऊन झाडाखाली कोणी उभे राहत नाही.

"पण फळ येईल हे कशावरून कळायचे?" असे तुम्ही विचाराल. पूर्ण खात्रीने कळत नाही. तरी अंदाज करता येतो. गणितात तुम्ही त्रैराशिक शिकला आहात. बारा मिनिटांत चार गुण, तर तेहतीस मिनिटांत किती? अकरा. आता रिबाउंड पाहा. नेम चुकून चेंडू कडीवरून परत आला की तो पकडणे म्हणजे रिबाउंड. बारा मिनिटांत ओनील तीनाहून थोडे जास्त रिबाउंड घेत होता. तेहतीस मिनिटांत ते नऊच्या आसपास जातात. ज्या खेळाडूची सरासरी अकरा गुण आणि नऊ रिबाउंड असेल, त्याला कोणीही चांगला खेळाडूच म्हणेल. म्हणजे त्याचे गुण कमी दिसत होते, कारण त्याची मिनिटे कमी होती.

अर्थात हे त्रैराशिक जपून वापरावे. राखीव खेळाडू पुष्कळदा समोरच्या संघाच्या राखीव खेळाडूंशीच खेळतो. बारा मिनिटे जोरात पळणारा मुलगा तेहतीस मिनिटे तसाच पळेल, असेही नाही. मजूर वाढवले की दिवस कमी होतात हे पुस्तकातील उदाहरणात ठीक असते. माणसांचे तसे नसते. पण ओनीलच्या बाबतीत ते खरे ठरले, आणि कसे ठरले ते ऐकण्यासारखे आहे.

सन २००० मध्ये पोर्टलंडचा संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाशी खेळला. सातवा आणि शेवटचा सामना ४ जूनला झाला. शेवटच्या भागात पोर्टलंड ७५-६० असे पंधरा गुणांनी पुढे होते. तरी ते ८९-८४ असे हरले. लेकर्सकडे शकील ओनील हा महाकाय खेळाडू होता. आडनाव एक असले तरी तो जर्मेनचा कोणी लागत नाही. त्याला अडवायला आपल्याला दणकट, अनुभवी माणूस हवा, असे पोर्टलंडच्या लोकांना वाटले. म्हणून त्यांनी ऑगस्ट अखेर जर्मेन ओनीलला इंडियानाच्या संघाला देऊन टाकले आणि बदल्यात डेल डेव्हिस हा खेळाडू घेतला. डेव्हिस एकतीस वर्षांचा होता. जर्मेन अजून बावीसचाही झाला नव्हता.

इंडियानात त्याला सामन्याला जवळजवळ तेहतीस मिनिटे मिळाली. पहिल्याच वर्षी त्याने सरासरी १२.९ गुण आणि ९.८ रिबाउंड मिळवले. दुसऱ्या वर्षी १९ गुण. २००२ साली सर्वांत जास्त प्रगती केलेल्या खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. २००२ ते २००७ अशी सलग सहा वर्षे तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. लक्षात घ्या, तो चार वर्षांचा करार पोर्टलंडने केला होता, पण त्यातील तीन वर्षे इंडियानाच्या वाट्याला आली. जो पगार लोकांना उधळपट्टी वाटत होता, तो आता स्वस्त वाटू लागला. पोर्टलंडचे काय झाले? २००१ मध्ये पहिल्याच फेरीत लेकर्सने त्यांना तिन्ही सामन्यांत हरवले. डेव्हिसला ज्यासाठी आणले होते, तेच काम झाले नाही.

माझ्या मते पोर्टलंडचा करार बरोबर होता. चूक झाली ती धीर सोडण्यात. चार वर्षे रोपाला पाणी घातले आणि फळ धरायच्या वेळी झाड शेजाऱ्याला दिले.

पण सगळेच बाकावरचे खेळाडू जर्मेन ओनील नसतात, हेही सांगितले पाहिजे. सर्बियाचा डार्को मिलिचिच २००३ साली ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी एकच नाव होते, लेब्रॉन जेम्स. त्याच्या मागून निवडलेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड पुढे फार मोठे झाले. डार्को अठरा वर्षांचा होता. डेट्रॉइटच्या संघात तो पहिल्या वर्षी ३४ सामने खेळला, प्रत्येक सामन्यात पाच मिनिटांहून कमी. त्या वर्षी, २००४ मध्ये, डेट्रॉइटने विजेतेपद मिळवले आणि बाकावर बसून डार्कोही विजेता ठरला. सामना जिंकल्यात जमा झाला की प्रेक्षक गंमत म्हणून त्याच्या नावाचा पुकारा करत. परक्या देशात, परक्या भाषेत एका मुलाला हे रोज ऐकावे लागत होते. तुम्ही शाळेत एकेक नवी भाषा शिकत आहात. वर्गात चुकल्यावर कोणी हसले तर कसे वाटते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

२००६ मध्ये डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवले. तो आणखी काही संघांत खेळला, पण त्याचा खेळ कधी बहरला नाही. नंतर मायदेशी जाऊन त्याने फळबागा लावल्या. पुढे मुलाखतींतून त्याने दोष स्वतःकडेही घेतला, मी नीट वागलो नाही असे सांगितले. मला मात्र निम्मा दोष संघाचा वाटतो. नव्या खेळाडूचा पगार ड्राफ्टमधील क्रमांकावर ठरतो, असा १९९५ पासून नियम आहे. डार्कोने काही जास्त मागितले नव्हते. इतक्या वरच्या क्रमांकावर मुलगा निवडायचा, विजेतेपदाच्या मागे धावणाऱ्या संघात त्याला बसवून ठेवायचे, आणि नंतर तो शिकला नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

म्हणून राखीव मुलगा पगाराच्या लायक आहे का, हे मी त्याच्या गुणांवरून ठरवणार नाही. सरावाला वेळेवर येतो का, बोलावणे आले की तयार असतो का, हे त्याच्याकडून पाहीन. त्याला शिकवणारा कोणी आहे का, वर्षागणिक त्याची मिनिटे वाढतात का, हे संघाकडून पाहीन. पहिल्या दोन गोष्टी असतील आणि नंतरच्या दोन नसतील, तर पगार वाया घालवणारा तो मुलगा नाही.

आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. डॅलसने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. इतक्या खालच्या क्रमांकावर मोठ्या पगाराची हमी नसते. तो एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. इकडे मुंबईच्या नागपाड्यात तर बास्केटबॉल हा गल्लीतील मुलांचा खेळ आहे. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसिर याच भागात तयार झाले. आपल्याकडे चांगल्या खेळाडूला रेल्वे, बँक, पोलीस किंवा सरकारी कंपनी नोकरी देते. तिथे बाकावर बसणाऱ्याचा आणि मैदानात खेळणाऱ्याचा पगार हुद्द्याप्रमाणे असतो. पहिल्या तारखेला दोघेही सही करून तो घेतात आणि कोणी काही विचारत नाही. तिथला मुलगा घरी आला की घरचे पगाराबद्दल समाधानी असतात. त्याच्या मनात मात्र दुसरेच चाललेले असते. पुढच्या सामन्यात प्रशिक्षक आपल्याला निदान दहा मिनिटे तरी उतरवतील का, एवढेच तो विचारत असतो.